डीव्हीडीवरचे चित्रण छोट्या फाइलमध्ये कसे उतरवावे?

(एका कापड व्यापाऱ्याकडून, काठी, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार)

साधारण २००० ते २०१५ या काळात आपल्या समाजात जी लग्ने झाली, त्यांतील बऱ्याच लग्नांची आठवण आज तबकड्यांवर आहे. निकाह, वलीमा, अकीका, मदरशाचा सालाना जलसा, हजला निघालेल्या बुजुर्गांचा निरोप, हे सारे स्टुडिओवाल्याने डीव्हीडीत भरून दिले आणि ती डीव्हीडी कपाटात गेली. कारागीर बांधवांपैकी काहींनी आपल्या मागाचे, छपाईचे, प्रदर्शनातील दुकानाचे चित्रणही त्या काळात करून ठेवले आहे. आता अडचण अशी झाली आहे की, तबकडी आहे पण ती वाचणारे यंत्र घरात राहिलेले नाही. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा कप्पा सहसा नसतो. जुना प्लेअर बिघडला तर दुरुस्त करणारा लवकर मिळत नाही. मरहूम वडिलांचा चेहरा आणि आवाज तबकडीत आहे, पण पाहता येत नाही, अशी कित्येक घरांची स्थिती आहे.

चित्रणाच्या जायज-नाजायजबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत. तो या पानाचा विषय नाही. ज्यांच्या घरी अशा तबकड्या आहेत आणि ज्यांना त्या जपायच्या आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

हे काम पैसे घेऊन करून देणारी दुकाने शहरात आहेत. पण लग्नाच्या चित्रणात जनान्याचा भाग असतो. घरच्या बायका-मुलींचे चित्रण अनोळखी माणसाच्या संगणकात उतरवायला द्यावे की नाही, असा प्रश्न पडतो, आणि तो योग्यच आहे. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याच्या संगणकावर प्रत उरतेच. म्हणून हे काम घरीच शिकून घेतलेले बरे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. दहावीतील मुलगा किंवा मुलगी एका सुटीच्या दिवसात शिकू शकेल इतके ते सोपे आहे. फक्त क्रम चुकता कामा नये.

घडी आणि कात्री

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. संगणकात फाइल लहान करण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे कापडाची घडी. तागा घडी घालून ठेवला तर जागा कमी लागते आणि उलगडला की कापड जसेच्या तसे मिळते. हिशेबाच्या फाइली ‘झिप’ करतात तो हा प्रकार. दुसरा प्रकार कात्रीचा. कापून टाकलेला तुकडा परत तागा होत नाही. चित्रण लहान करतात ते मुख्यतः कात्रीनेच करतात. जे डोळ्याला सहसा दिसत नाही ते काढून टाकले जाते आणि ते कायमचे जाते.

डीव्हीडी ही स्वतःच एकदा कापलेली वस्तू आहे. आपल्याकडील डीव्हीडीच्या एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे पळतात. हे सारे काहीही न काढता साठवायचे म्हटले तर एका तासाला सुमारे ५६ जीबी जागा लागेल. एकपदरी डीव्हीडीत तर ४.७ जीबीच मावतात. म्हणजे स्टुडिओत तबकडी तयार झाली तेव्हाच ‘एमपेग-२’ या पद्धतीने चित्रण दहाव्या-बाराव्या हिश्शावर आणलेले आहे.

हे कसे जमते, ते आपल्या ठसाकाम करणाऱ्या बांधवांना लगेच कळेल. बुट्टीची नक्षी साडीभर असली तरी ठसा एकच कोरतात आणि तोच पुन्हा पुन्हा उमटवतात. चित्रणातही तसेच आहे. मंचामागचा पडदा पाच सेकंद जागचा हललेला नसेल, तर तो सव्वाशे वेळा लिहिण्याची गरज नाही. एकदा पूर्ण चित्र लिहायचे आणि पुढे फक्त जे हलले तेवढे नोंदवायचे. डीव्हीडीत दर अर्ध्या सेकंदाला साधारण एक पूर्ण चित्र लिहावेच लागते. डीव्हीडी बाजारात आली ती १९९६ साली, जपानमध्ये. त्यानंतर २००३ साली ‘एच.२६४’ ही नवी पद्धत ठरली. ती पुनरावृत्ती जास्त हुशारीने ओळखते. त्यामुळे तेच चित्रण, डोळ्याला फारसा फरक न जाणवता, डीव्हीडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात बसते. आज बहुतेक सर्व मोबाइल आणि टीव्ही ही पद्धत वाचतात. म्हणून नवशिक्याने हीच वापरावी.

यातून एक नियम निघतो. कात्री लावायची ती मूळ ताग्यावर, कटपीसवर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चित्रणावरून पुन्हा लहान फाइल करू नये. प्रत्येक वेळी मूळ तबकडीकडे जावे.

तबकडी आधी तपासा

घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि सारी नोंद त्या थरात असते. कच्च्या रंगाचे कापड उन्हात विटते तसा हा थर ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी खराब होतो. खिडकीजवळ, टीव्हीच्या वर किंवा पत्र्याच्या छताखाली तबकड्या ठेवू नयेत. ज्या सर्वांत जुन्या आणि ज्यांची दुसरी प्रत नाही, त्यांना आधी हात घालावा.

तबकडी मऊ सुती कापडाने पुसावी. मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसावे, गोल फिरवू नये. डाग असेल तर पाण्यात साबणाचा थेंब टाकून पुसावे आणि पूर्ण सुकू द्यावे. डीव्हीडीत नोंदीचा थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. व्हीसीडीत मात्र तो वरच्या छापील बाजूला लागून असतो. म्हणून व्हीसीडीच्या वरच्या बाजूवर ओरखडा पडू देऊ नये. चिकटवलेले लेबल ओढून काढू नये, थर त्याच्याबरोबर निघून येतो.

पहिले काम: पूर्ण नक्कल

यूएसबीला जोडण्याचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो घ्यावा किंवा कोणाचा तरी मागून आणावा. जुन्या डेस्कटॉप संगणकाचा ड्राइव्हही चालतो. तबकडी घातल्यावर ती चालवू नका, उघडा. आत ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल. ‘ऑडिओ_टीएस’ नावाचा दुसरा फोल्डर बहुधा रिकामा असतो, त्याची चिंता नको.

व्हिडिओ_टीएसमध्ये तीन तऱ्हेच्या फाइली असतात. ‘व्हीओबी’ फाइलींत खरे चित्र आणि आवाज असतो आणि प्रत्येक फाइल जास्तीत जास्त १ जीबीची असते. ‘आयएफओ’ फाइली म्हणजे अनुक्रमणिका. ‘बीयूपी’ म्हणजे त्या अनुक्रमणिकेची जादा प्रत. हा पूर्ण फोल्डर, एकही फाइल न वगळता, संगणकात उतरवून घ्यावा. त्याला स्पष्ट नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘२००९ निकाह मोठी मुलगी तबकडी १’. काही जण व्हीओबी फाइलीचे नाव बदलून एमपी४ करतात. नाव बदलल्याने फाइल बदलत नाही. पुढे ती कोठे चालेल आणि कोठे नाही, याचा भरवसा राहत नाही.

नक्कल मध्येच अडली तर तबकडी पुन्हा पुसावी आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एक ड्राइव्ह नाकारतो ती तबकडी दुसरा कधी कधी वाचतो. तबकडी प्लेअरमध्ये चालते पण संगणकात कोरी दिसते, असेही होते. घरच्या रेकॉर्डरवर भरलेली तबकडी शेवटी ‘फायनलाइझ’ केलेली नसेल तर असे घडते. ती ज्या रेकॉर्डरवर भरली त्यावरच फायनलाइझ करून घ्यावी.

ही पूर्ण नक्कल म्हणजे आपला तागा. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशेच्या आसपास तबकड्या मावतात. ज्याला परवडेल त्याने हे फोल्डर तसेच ठेवून द्यावेत. पुढे दहा वर्षांनी आणखी चांगली पद्धत निघाली तर पुन्हा मूळ ताग्यावरून काम करता येईल.

आमच्या काठी-मोलगी भागात एक जादा कारण आहे. वीज कधी जाईल याचा नेम नाही. फाइल लहान करण्याचे काम मध्येच थांबले तर अर्धवट एमपी४ फाइल बहुधा उघडत नाही, कारण तिची अनुक्रमणिका काम संपताना लिहिली जाते. नक्कल आधी झालेली असेल तर पुन्हा तबकडीला हात न लावता काम नव्याने सुरू करता येते. जुन्या तबकडीला वारंवार फिरवावे लागत नाही.

दुसरे काम: फाइल लहान करणे

यासाठी ‘हँडब्रेक’ नावाचा प्रोग्राम चांगला आहे. तो पूर्ण मोफत आहे. तो फक्त ‘हँडब्रेक डॉट एफआर’ या मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. त्याच्या नावाने पैसे मागणारा भेटला तर तो खोटा समजावा. २०१७ साली मे महिन्यात याच प्रोग्रामच्या एका डाउनलोड सर्व्हरवर चोरट्यांनी मॅक संगणकासाठीची विषारी प्रत ठेवली होती. ती लवकरच पकडली गेली. तरीही डाउनलोड करताना सावध असावे.

प्रोग्राम उघडल्यावर पुढील क्रमाने जावे.

१) ‘ओपन सोर्स’ दाबून आपण उतरवलेला व्हिडिओ_टीएस फोल्डर निवडावा. प्रोग्राम तो वाचून ‘टायटल’ची यादी देतो. प्रत्येकासमोर वेळ लिहिलेली असते. सर्वांत लांब टायटल हे बहुधा मुख्य चित्रण असते. काही स्टुडिओवाले मेहंदी, निकाह, वलीमा वेगवेगळ्या टायटलमध्ये टाकतात. तेव्हा एकेक निवडून प्रत्येकाची वेगळी फाइल करावी.

२) ‘प्रीसेट’मध्ये ‘फास्ट ५७६पी२५’ निवडावे. आपल्या डीव्हीडीचे माप हेच आहे. ७२० किंवा १०८० चा मोह धरू नये. कापड ताणून पन्हा वाढत नाही, वीण मात्र विरते. ठिपके वाढवल्याने फाइल मोठी होते आणि चेहरा काही जास्त स्पष्ट होत नाही.

३) ‘फिल्टर्स’मध्ये ‘डीइंटरलेस’च्या समोर ‘डीकोम्ब’ आहे का ते पाहावे. जुन्या कॅमेऱ्यात एक चित्र दोन हप्त्यांत, आधी एकआड एक ओळी आणि मग उरलेल्या ओळी, असे घेतले जाई. संगणकावर ते हलत्या वस्तूंच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखे दिसते. हा फिल्टर ते दात काढतो.

४) ‘व्हिडिओ’मध्ये ‘एच.२६४’ ठेवावे. चित्रांचा वेग ‘सेम अ‍ॅज सोर्स’ ठेवावा. गुणवत्तेसाठी ‘आरएफ’ नावाचा आकडा असतो. डीव्हीडीसाठी तो १८ ते २२ मध्ये असावा. इथे व्यापाऱ्यांचा गोंधळ होतो, कारण हिशेब उलटा आहे. आकडा लहान तर माल चांगला आणि फाइल मोठी. आकडा मोठा तर माल हलका आणि फाइल लहान. नवशिक्याने २० ठेवावा.

५) ‘ऑडिओ’मध्ये ‘एएसी’ ठेवावे. आवाजात कंजूषी करू नये. निकाहाचा खुत्बा आणि बुजुर्गांची दुआ हीच पुढे सर्वांत जास्त ऐकली जाते, आणि आवाज तसाही चित्राच्या मानाने थोडीच जागा घेतो.

६) आधी ‘प्रीव्ह्यू’मधून अर्ध्या मिनिटाचा नमुना काढून पाहावा. चेहरे फुगलेले किंवा चेपलेले नाहीत ना, ओठ आणि आवाज जुळतात ना, हे तपासावे. मगच ‘स्टार्ट एन्कोड’ दाबावे.

संगणक जुना असेल तर तासाभराच्या चित्रणाला तासभर किंवा जास्तही लागू शकतो. लॅपटॉप गरम होतो. तो गादीवर ठेवू नये, लाकडी पाटावर ठेवावा.

निकाह आणि होळी: एकाच मापाने मोजू नका

एकच आकडा ठेवूनही दोन तबकड्यांच्या फाइली सारख्या होत नाहीत. काही जण म्हणतात, ‘माझी एक तासाची फाइल इतकी मोठी का झाली?’ त्याचे उत्तर आमच्या गावच्या उदाहरणाने देतो.

काठीची राजवाडी होळी साऱ्या सातपुड्यात प्रसिद्ध आहे. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांत आपल्या व्यापारी बांधवांचीही दुकाने लागतात. रात्रभर ढोल वाजतो. डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू बांधलेले आदिवासी बांधव फेर धरून नाचतात आणि पहाटे होळी पेटते. या होळीच्या आणि आदिवासी गाण्यांच्या तबकड्याही या भागातील घरांत आहेत.

आता तुलना करा. निकाहाच्या चित्रणात कॅमेरा स्टँडवर आहे, माणसे बसलेली आहेत, मागचा पडदा हलत नाही. ठसा एकदा कोरला की पुष्कळ वेळ तोच चालतो. होळीच्या चित्रणात काहीच जागेवर नाही. ज्वाळा हलतात, ठिणग्या उडतात, पिसे डोलतात, माणसे फिरतात. शिवाय अंधारात काढलेल्या चित्रात कॅमेऱ्याचे दाणे पडतात आणि प्रोग्रामला प्रत्येक दाणा हलल्यासारखा वाटतो. जणू दर हाताला नवा ठसा कोरावा लागतो. म्हणून त्याच २० आकड्यावर होळीची फाइल निकाहाच्या फाइलीपेक्षा बरीच मोठी होते. घाबरून आकडा ३० वर नेऊ नये. तसे केले तर आगीचे चौकोनी तुकडे दिसतात आणि अंधारातील चेहरे पुसले जातात. होळीच्या चित्रणात जपण्यासारखे नेमके तेच आहे.

तात्पर्य, ‘प्रत्येक तबकडीची ५०० एमबीची फाइल करून देतो’ असे कोणी सांगितले तर त्याला काम कळलेले नाही असे समजावे. प्रत सारखी ठेवावी, आकार जो होईल तो होऊ द्यावा.

व्हीसीडी असेल तर

व्हीसीडीत ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डीएटी’ फाइल असते. ती तशीच संगणकात उतरवावी. ‘व्हीएलसी’ या मोफत प्रोग्रामवर ती चालते. व्हीसीडीचे चित्र फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि आधीच फार दाबलेले असते. त्यावर आणखी कात्री लावण्यात फायदा नाही.

व्हीसीडीचे महत्त्व कमी समजू नये. मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात जी चित्रपटनिर्मिती उभी राहिली, तिचा माल याच तबकड्यांवरून गावोगाव गेला. शेख नासिर यांचा ‘मालेगाव के शोले’ २००० सालचा. पुढे फैजा अहमद खान यांनी मालेगावच्या सुपरमॅनवर माहितीपट काढला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत लागला. कारागिरांच्या वस्तीत स्वस्त तबकडीवर निघालेल्या कामाला जगाने मान दिला. आपल्या घरच्या तबकड्यांतही आपल्या वस्तीचा असाच इतिहास आहे. जुने बाजार, जुनी दुकाने, त्या वेळचे पोशाख, बंद पडलेले माग त्यांत दिसतात.

कायदा आणि अमानत

घरगुती चित्रणाला सहसा कुलूप नसते. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीला असते. हँडब्रेक हे कुलूप तोडत नाही आणि आपणही त्या वाटेला जाऊ नये. २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात, हक्क बुडवण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे देऊन आपण काढून घेतलेले चित्रण मात्र आपलेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काम करून घेणारा हाच त्याचा पहिला मालक असतो. आदिवासी गाण्यांच्या तबकड्या उतरवून पेन ड्राइव्हमधून विकणे हे मात्र दुसऱ्याच्या हक्कावर हात टाकणे आहे. अशी कमाई हलाल म्हणता येणार नाही.

कोणी तरुण हे काम धंदा म्हणून करणार असेल तर चांगलेच आहे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला ही जोड देता येईल. पण ग्राहकाची तबकडी ही अमानत आहे. काम ग्राहकासमोर करावे. फाइल त्याच्या हार्ड डिस्कवर द्यावी आणि आपल्या संगणकावरची प्रत त्याच्यासमोर पुसावी. दर तबकडीप्रमाणे आधी सांगावा. तबकडी वाचली गेली नाही तर पैसे घेऊ नयेत. जनान्याच्या चित्रणासाठी घरातील मुलीला हे काम शिकवून ठेवले तर वस्तीतील बायका विश्वासाने तिच्याकडे येतील. त्यात रोजगारही आहे आणि पडदाही राखला जातो.

शेवटची खबरदारी

फाइल तयार झाली की सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून पाहावा. मग दोन ठिकाणी ठेवावी, आणि ती दोन ठिकाणे एकाच घरात नसावीत. एक प्रत आपल्याकडे, एक भावाकडे किंवा मुलीच्या सासरी. पेन ड्राइव्हवर एकट्यावर भरवसा ठेवू नये. तबकडी लगेच फेकून देऊ नये.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तिथे पुन्हा कात्री लागते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल अशी पाठवता येते. जिथे नेटवर्क अपुरे आहे तिथे मेमरी कार्ड हातोहात दिलेले बरे. कारागीर बांधवांना आपल्या कामाचा दोन मिनिटांचा नमुना गिऱ्हाइकाला दाखवायचा असेल, तर हँडब्रेकमध्येच ‘रेंज’च्या ठिकाणी ‘सेकंद’ निवडून तेवढाच भाग काढता येतो. पूर्ण फाइल पाठवण्याची गरज नाही.

व्यापारी आणि कारागीर बांधवांना विनंती आहे की, या महिन्यात कपाट उघडून तबकड्या मोजाव्यात, त्यांवर वर्ष लिहावे आणि सर्वांत जुन्या पाच तबकड्यांची पूर्ण नक्कल तरी करून घ्यावी. फाइल लहान करण्याचे काम पुढे सवडीने होईल. विटलेला थर मात्र कोणत्याही प्रोग्रामने परत येत नाही.